शिकवणी

सप्टेंबर अर्धा सरला की
काझिस तळघराच्या जिन्यावर येऊन बसतो,
खालून तिसऱ्या पायरीवर, उशी घेऊन.
दोन्ही हात मांड्यांखाली दाबतो,
म्हणजे ते थरथरत नाहीत,
निदान दिसत तरी नाहीत.
"हं, ओना. आधी नळी उतरव."

मी नळी उतरवते.
तीन स्क्रू, तिसरा गंजलेला.
मूठभर राख थेट माझ्या बाहीत शिरते,
पिवळट, जोंधळ्याच्या पिठासारखी.
"उन्हाळाभर आत राहिली की ओल धरते, पत्रा खाते.
मे महिन्यातच काढायला हवी होती."
मे महिन्यात आपण इस्पितळात होतो,
हे मी बोलत नाही.
ब्रश फिरवते. वर, आणखी वर, वळणात थोडा जोर लावून.

धुराड्याच्या तळाशी मेलेली पाकोळी,
पंख मिटलेले, कात्रीसारखे.
"काय सापडलं?"
"काजळी," मी म्हणते.
आमच्या कोळशाला काजळी धरत नाही,
हे त्याला ठाऊक, मला ठाऊक.
तो खिडकीकडे बघतो.
मी ती वर्तमानपत्रात गुंडाळते.

मग दार. खाचेतली जुनी दोरी खरवडून
नवी बसवायची, बोटानं दाबत दाबत,
आणि परीक्षा एका डॉलरची:
नोट फटीत धरून दार लावायचं आणि ओढायची.
वरच्या बाजूला घट्ट. कडीपाशी घट्ट.
खालच्या बिजागरीपाशी सुळकन हातात आली.
"पैसा जातो तो असा," काझिस म्हणाला.
दर वर्षी म्हणतो.
दर वर्षी हसते तेवढीच हसले,
आणि दोरी पुन्हा उचकटली.

गुरुवारी रेबरचा ट्रक आला.
इथे पेनसिल्व्हेनियात कोळशाला धान्याफळांची नावं:
तांदूळ, वाटाणा, अक्रोड.
आम्ही अक्रोडवाले.
तीन टन अक्रोड खिडकीतून
पत्र्याच्या घसरगुंडीवरून खाली येतो तेव्हा
स्वयंपाकघरात बशा किणकिणतात
आणि शेजारची हेडविग पडदा सारून मोजते,
कुणाचा किती आला.
काझिसनं एक खडा दोन्ही हातांनी उचलला,
उजेडात फिरवला. काचेसारखा चमकला.
त्याचे वडील याच डोंगराच्या पोटात
अठरा वर्षं वाकून चालले,
वर आल्यावरही वाकूनच.
त्यांच्याबद्दल तो एवढंच सांगतो,
आणि तेही कोळसा आला की.

पहिलं दव गोठलं त्या संध्याकाळी पेटवली.
लाकूड, मग कोळशाचा पातळ थर, मग जाड.
"एक कोपरा उघडा ठेव,
निखारा दिसला पाहिजे,
नाहीतर वायू कोंडतो आणि दार अंगावर येतं."
ठेवला.
थोड्या वेळानं काळ्यावर निळ्या ज्वाळा आल्या,
घाई नसलेल्या.

"आता रात्रभर बघायला नको," तो म्हणाला.
"चाळीस हिवाळे माझ्या हातची शेगडी
सकाळपर्यंत कधी विझली नाही."

त्याच्या हातची शेगडी रोज विझायला निघायची.
जाळी तो अर्धवट हलवायचा, राख तुंबायची.
खाणीतून आलेला माणूस घोरत असायचा
आणि तीनच्या सुमाराला मी स्वेटर चढवून खाली,
दांडा आखूड झटक्यांनी पुढे-मागे,
राखेत लाल ठिणग्या पडेपर्यंत,
मग दोन फावडी.
कुणाला सांगायचं असतं असं काही?

"आता जाळी. थांब, कशी हलवायची ते सांगतो…"
पण माझा हात दांड्यावर गेला होता,
आखूड झटके देत होता,
आणि लाल पडताच आपोआप थांबला.

जिन्यावरून बराच वेळ आवाज नाही.
"कुणी शिकवलं?"
"तूच की. आत्ता."

त्यानं हात मांड्यांखालून काढले.
थरथरले, थरथरू दिले.
"पहाटे तुझे पाय बर्फासारखे गार असायचे,"
तो म्हणाला,
आणि लगेच,
अलार्मचे सेल बदललेस का, ते विचारलं.