उतार

रेक्सॅमच्या चिकणमातीला पाणी पाजावं लागत नाही;
प्यायलेलं ती सोडत नाही.

ग्लेनिसने प्लॅस्टिकच्या हिरवळीची कड उचलली.
खाली काळपट चिखल, आंबूस वास,
आणि इड्रिसने ठोकलेले खिळे.
गवत कापायला नको म्हणून
शेवटच्या उन्हाळ्यात त्यानेच अंथरलेलं हे.
उतार द्यायचा राहिला.

तिने दोरी ताणली, गुडघाभर चर खणला,
फावडं दर खेपेला बुटाने खरवडत.
खडी, भोकांचा पाइप, वर पुन्हा खडी.
लेव्हलमधला बुडबुडा घराकडे सरकला,
म्हणजे पाणी ओढ्याकडे.

रात्री पाऊस. टॉर्च घेऊन ती पाइपच्या तोंडाशी उकिडवी.
बराच वेळ काहीच नाही.
मग करंगळीएवढी धार, गढूळ.

सकाळी खोटं गवत झाडूने उभं केलं.
खिळे त्याचेच ठोकले परत,
वाकडे होते ते वाकडेच.