नऊ नंबर

एकतीस वर्षं भुसावळच्या पार्सल ऑफिसात
मी काट्यापाशी बसलो.
सावद्याची, रावेरची केळी तोलली.
दांड्याचं वजन, ओल्या पाल्याचं वजन वेगळं धरायचं असतं
हे मला कुणी शिकवायला नको.
म्हणून आकड्यांची चेष्टा मी करत नाही.
निवृत्तीनंतर रेल्वे मैदानावर, बास्केटबॉलच्या टेबलाशी
गुण लिहितो. शाईनं.

यंदा भाच्यानं पुण्याहून लॅपटॉप आणला.
पराग भंगाळे, संख्याशास्त्र, पातळ मिशा.
माझ्या वह्या घेतल्या, सामन्यांचे व्हिडिओ घेतले,
जिल्ह्याच्या संघासाठी बाराजणींची यादी काढली.
नऊ नंबर तेराव्या जागी.
जुलेखा तडवी, पालची.
सामन्याला साडेतीन गुण, दोन रिबाउंड,
ती मैदानात असताना संघ उणे चार.

"उणे चार?"
"मामा, आकडा आहे. माझं मत नाही."

खरंय. मत माझंच खोटं निघालंय आधी:
शोभना बेंडाळेला मी दहा वर्षं देव्हाऱ्यात ठेवली,
काय ती उडी, मैदान उभं राहायचं!
परागनं एका संध्याकाळी दाखवलं,
शंभर फेकींत एकतीस आत.
उरलेल्या एकोणसत्तर मी पाहिल्याच नव्हत्या.
पाहिल्या होत्या. लिहिल्याही होत्या,
माझ्याच अक्षरात.

तरी उणे चार गळ्याखाली उतरेना.
वही उघडली. सरोदे सर तिला नेहमी
चौघी नवख्यांबरोबर उतरवतात,
ऊन तोंडावर येतं तेव्हा.
ओझं कुणाचं, पावती कुणाच्या नावावर?
पराग म्हणाला, त्याचंही गणित असतं,
सोबतच्यांचं वजन वजा करता येतं.
केलं. उणे चारचं अधिक अर्धा झालं.
"आणि चूक कितीची धरायची?"
तो जरा थांबला.
"सात. इकडे सात, तिकडे सात."

एवढा ढिला काटा माझा असता
तर केळीवाल्यांनी मला यार्डभर पळवला असता.
"सातआठ सामन्यांत काय दिसणार, मामा? सातशे लागतील."
सातशे होईस्तोवर पोरीचे गुडघे उरतील का रे भो?

रविवारी त्याला शेजारी बसवलं,
जळगावच्या मुलींविरुद्ध.
म्हटलं, बॉलकडे बघायचं नाही.
नऊ नंबर दोन पावलं सरकली, उभी राहिली,
छातीवर हात बांधून, सिग्नलच्या खांबासारखी.
जळगावची पाच नंबर तिच्यावर आदळली,
तेवढ्यात रचना फिरके मोकळी झाली.
मी लिहिलं: फिरके, दोन.
मग ती ओरडली, "मांगं पाह्य वं, मांगं!"
कुणीतरी मागं पाहिलं, आणि तो पास झालाच नाही.
न झालेला पास कुठल्या रकान्यात टाकतात?

यार्डात सांधेवाला असायचा.
गाडी आपल्या रुळावर गेली की त्याचं नाव कुठंच नाही,
घसरली तर चौकशी.

पराग माझ्या वहीमागे रेघा मारत होता,
आडवी आली एक, हाक एक, धक्का खाल्ला एक.
सात मिनिटांत पान भरलं.
"हे मोजता येईल, मामा. एक माणूस बसवला तर."

मी इथं कोण बसलो होतो मग?

नऊनं हरलो आम्ही, ती असूनही.
रात्री परागनं यादी दोनदा बदलली,
दोनदा पूर्ववत केली.
मी विचारलं नाही. त्यालाही आता
रात्री जागायला काहीतरी मिळालं होतं.

मैदान रिकामं होताना
नऊ नंबर बॉल गोळा करत होती,
एकेक अंगठ्यानं दाबून बघत.
एक बाजूला ठेवला.
"हा हाफटाइमपासून नरम हाय, काका."

वहीची पानं पुन्हा चाळली.
दुसऱ्या अर्ध्यात आमच्या चौदा फेकी चुकल्या होत्या,
त्यांच्या अकरा,
सगळ्या शाईत.