मापाच्या वहीचं मागचं पान

पुढून छाती, कंबर, बाहीची लांबी,
मागून विटा.
एकच वही, दोन्हीकडून भरत आली.

खोली काढायची ठरली तेव्हा पहिलं माप
माझ्याच टेपनं घेतलं.
टेप साठ इंचाची. रुंदीला दोन टेपा,
लांबीला दोन टेपा आणि वर दोन फूट.
चाँदपाशा गवंडी हसला,
‘भाभी, जमिनीला झंपर शिवायलाव काय?’

साडेतीन हजार विटा, आठाच्या भावानं अठ्ठावीस.
सिमेंट चाळीस गोण्या, पंधरा धरा.
वाळूपाशी पाशा थांबला,
कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली.
मांजरेची वाळू आता नावालाच.
क्रश घ्या, अडीच ब्रास, सतरा.
मजुरी तीस. टँकरचे तीन,
कारण भिंतीला रोज पाणी मारायचं
आणि नळ येतो नवव्या दिवशी.
स्लॅबपुढं त्यानं आकडा लिहिलाच नाही,
नुसतं पेन्सिलीचं टोक टेकवून ठेवलं.

माझ्याजवळ भिशीचे चाळीस,
दोन बोकडांचे एकोणीस,
आणि गव्हाच्या कोठीत लग्नसराईतले अकरा,
जे नवऱ्याला माहीत नव्हते.
आता झाले.
तो काही बोलला नाही,
कोठीकडं बघत चहा प्याला.

कापड कमी पडलं तर काय करतात ते मला कळतं.
बाही आखूड, अस्तर हलकं,
गळा मात्र सोडायचा नाही, नजर गळ्यावरच जाते.
फरशी नको, कोबा बरा.
गिलावा आतून; बाहेरून पुढच्या दिवाळीला.
दार लामजन्याच्या भंगारातलं,
कुठल्या तरी बँकेचं, अजून ‘ढकला’ लिहिलेलं.
खिडकी सोडली नाही.
मशीन खिडकीखाली बसणार,
सुई ओवायला उजेड फुकटचा पाहिजे.
दोन्ही मिळून सात.

राहिला स्लॅब.
नवरा म्हणाला, थांबू दोन वर्षं, पण पत्रे नकोत,
भावकी हसंल.

सासरे इतका वेळ बाजेवर.
भूकंपानंतर हे घर मिळालं,
त्याच्या छताखाली ते जेवायला येतात,
झोपायला एकदाही आले नाहीत.
पाऊस आला की बाज छपरीत, थांबला की अंगणात.
आणि खोली निघणार होती
बरोबर बाजेच्या जागेवर.
हे वहीत कुठं मांडायचं, मला सुचलं नव्हतं.

‘पत्रंच टाका,’ ते म्हणाले.
‘पत्रा पडला तर माणूस उठून बसतंय.’

मग बराच वेळ शेजारच्या गिरणीचा पट्टा तेवढा ऐकू येत होता.

‘आन् पाशा, भितीवरून सळईचा पट्टा सोडू नको.
कमरपट्ट्यावानी, चौफेर.’
‘नाही सोडत, मामू.’
पाशा तेव्हा सहा वर्षांचा होता.
तो पट्ट्यात काटकसर करत नाही
हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.
पत्रे आणि अँगल एकवीस, पट्टा पाच.

एक लाख सव्वीस. छप्पन्न कमी.
तीस गटातून उचलीन,
सव्वीस पुढची लग्नसराई देईल,
म्हणजे एकशे तीस झंपर. मी मोजले.

संध्याकाळी पाशानं फक्की मारली.
दाराची जागा मोकळी सोडली.
एक कोंबडी भिंतीतून आरपार गेली,
कोपरा जरा पुसला.

रात्री सासऱ्यांनी बाज उचलली.
मला वाटलं, लिंबाखाली नेतील.
ते रेघेला वळसा घालून आले,
दाराच्या जागेपाशी चपला काढल्या,
आत गेले,
आणि खिडकी येणार तिथं डोकं करून झोपले.

मी वही उघडली,
विटांच्या खाली लिहिलं:
बाज, साडेसहा फूट.
मशीन सरकवावी लागेल.