तपकिरी

रुवीतल्या आमच्या लॅबमध्ये एसी इतका कडक
की ऑगस्टातही मी कोटाच्या आत स्वेटर घालते.
खिडकीबाहेर मस्कतचे डोंगर,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखे.

आज दोन काचा.

पहिली अश्फाक सरखोत, वय चौतीस.
सोहार बंदरात कंटेनर तपासतो. लग्नाला नऊ वर्षं.
नमुन्यात बीज नाही. एकही नाही.

दुसरी बरक्याच्या एका आजींच्या जठरातली गाठ.
नाव अरबीत. मला अर्धंच लागतं.

दोन्हींवर एकाच बाटलीतला थेंब टाकला.
प्रथिन असेल तिथे तपकिरी उमटेल,
नसेल तिथे नुसतं निळं.
पिवी म्हणतात त्याला,
शेंडेफळाला लाडाने हाक मारावी तसं.
काम मात्र करडं.
बीजपेशीत जुनी उडाणटप्पू अक्षरं झोपलेली असतात,
खापरपणजोबांच्याही कैक युगं आधी घुसलेली.
जागी झाली की उड्या मारतात,
बसतील तिथला मजकूर फाडतात.
पिवीच्या हातात आरएनएची इवलीशी चिठ्ठी.
चिठ्ठीशी जुळलं की
तोंड दाबायचं.

पहिली काच निळी.
पुन्हा धुतली, पुन्हा पाहिली.
निळीच.

डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत सांगितलं होतं.
कॉरिडॉरमध्ये त्याने माझी पट्टी वाचली.
"खातू? म्हणजे गुहागरकडच्या?
आमचं दाभोळ. मधे नुसती खाडी.
मग आपल्या भाषेत सांगा ना एकदा."

नियमात बसत नव्हतं. सांगितलं.
तो ऐकत राहिला, हेल्मेट मांडीवर.
"म्हणजे हातात यादी,
यादीतला नंबर आला तर सील तोडू द्यायचं नाही?"
हो.
"आणि माझा माणूस ड्युटीवर आलाच नाही."
बहुतेक कधीच नाही.
"एका रात्री यार्डात झालं होतं असं.
सकाळी बघतो तर सगळी दारं सताड."

मग म्हणाला, नसरीनला नऊ वर्षं
काय काय पाजलंय आईने, तुम्हाला कल्पना नाही.
फोन पुढे केला.
"तुम्ही बोला. मी बोललो तर म्हणेल
बायकोने पढवलंय."

मी मान हलवली. नाही.

मग त्याने स्वतःच माइकवर अंगठा दाबला.
दाबून धरला.
अकरा सेकंद,
त्यात एसीची घरघर
आणि कुणाची तरी ट्रॉली.
अंगठा सुटला. गेला तो मेसेज तसाच.
दाभोळात दोन निळ्या खुणा उमटल्या.

दुसऱ्यांदा म्हणाला,
"अम्मा. तिच्यात काय नाय. माझ्यात हाय."
आणि फोन उलटा ठेवला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
असली चूक पुष्कळदा अर्धी बापाकडून येते,
अर्धी आईकडून,
दोघांच्याही अंगाला न लागता.
जीभेच्या टोकावर होतं.
तोंड दाबलं.

जेवणानंतर दुसरी काच.
आजींच्या गाठीत तपकिरी, कडेपासून कडेपर्यंत,
जणू कुणी काढ्याचा पेला उपडा केलाय.
पिवीचं जठरात काय काम?
इथे ना बीज, ना वंश, ना राखायची दारं.
हा कुणाला गप्प करतोय इथे,
की काही वेगळंच चाललंय,
शोधनिबंध वाचले की तिघांची तीन मतं.
एवढंच खरं की
तिथे नव्हता म्हणून एक घर रिकामं,
इथे आहे म्हणून एक घर उद्या गडबडेल.
त्यांची नात सकाळी खाली बसली होती,
पिशवीत खजूर, सगळ्या स्टाफला वाटत.
मी दोन घेतले होते. एक अजून खिशात आहे.

पाच वाजले.
बाटलीत तळाशी चार थेंब उरलेत.
मागणीच्या फॉर्मवर "कारण" या शब्दापुढे
बोटभर जागा.
मी लिहिते : संपली.