एक तृतीयांश वजा

कुमुद नंदनवारांचा प्रबंध मी टाइप केला,
सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या फाटकाशी,
सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात.
पानाला दीड रुपया. कार्बनचे वेगळे.
बोटं घामाने कळांवरून घसरायची
आणि बाई स्टुलावर बसून
'सीमांत' म्हणजे काय ते मला समजावायच्या:
"पाचवी पोळी, मोहोडभाऊ. पहिली नव्हे, पाचवी."

विषय अपघाताच्या मोबदल्याचा.
माणूस मेला की कायदा त्याचं उत्पन्न धरतो,
त्यातून एक तृतीयांश कापतो
(जगला असता तर स्वतःवरच उडवलं असतं, म्हणून),
उरलेल्याला वयाच्या आकड्याने गुणतो.
कितीतरी दाव्यांत मी हे टाइप केलं होतं,
विडी न विझवता.

पान एकशे बारावर बाई थांबल्या.
तिथे एक बिननावाची:
वय एकोणचाळीस, मुक्काम गोळीबार चौक,
मागासाठी कांड्या भरणारी, चार पोरांची,
वर्धा रोडवर ट्रकखाली.
उत्पन्नाच्या रकान्यात न्यायाधिकरणाचा शब्द:
निरंक.

"हिच्यातून किती वजा करायचं?"
मी म्हटलं, रिवाजच आहे न जी, तिसरा हिस्सा.
"ती शेवटी जेवायची.
गंजात उरेल ते. पुष्कळदा उरायचं नाही.
त्याचा तिसरा हिस्सा काढा. मी थांबते."

मी काढायला गेलो. खरंच गेलो.
मग रिबन अडकली असं सांगितलं.

पुढे दिल्ली, पुढे कुठे समुद्रापार,
मग परत इथेच, सव्वीस वर्षं खडू.
वकील म्हणायचे, बाई कोर्टात आकडे आणतात,
अर्थशास्त्रवाले म्हणायचे, वर्गात कलमं.
दोन निकालांत त्यांचा उल्लेख आला,
एकात आडनाव चुकलं.
त्या चुकीवर त्या मनापासून हसल्या,
माझ्याकडून दुरुस्तीचा अर्ज मात्र करून घेतलाच.

गेल्या उन्हाळ्यात आल्या, हातात काठी.
म्हणाल्या, प्रबंधाच्या बिलात एक पान कमी होतं.
मला वाटलं होतं, कळलं नसेल.
टेबलावर रुपया ठेवला, वर आठाणे.
"आठाणे आता कोणी घेत नाही, बाई."
"ठाऊक आहे."

चहा घेतला. अर्धाच.

कूलर लागला की माझे कागद उडतात.
नाणं हलकं आहे, पुरत नाही.
तरी ठेवतो.