विरजण

दिवाण सकाळपासून पाण्याच्या वरच्या थराशी
तोंड लावून आहे.
उघड, मीट. उघड, मीट.
मला वाटलं काहीतरी मागतोय.
चिमूटभर दाणे टाकले,
त्याने तोंडात घेतले नि परत थुंकले.

शाल्मली परीक्षेला जबलपूरला गेली.
जाताना बजावलं होतं, आत्या, दिवसातून एकदा, पाच दाणे.
पाच दाण्यांत कुणाचं पोट भरतं?
आमच्या दाणाओळीत दारातल्या कुत्र्यालाही
पोळीला तूप लावून मिळतं.
आणि ती काच! हिरवट, बुळबुळीत.
परवा नळ आला तसं सगळं पाणी उपसलं,
गोटे घासले,
फिल्टरचा स्पंज धारेखाली पिळून पिळून
इतका पांढरा केला
की विहीणबाईंना दाखवावा.

नई सडकेवर इर्शादचं दुकान.
दुपारी दोनच्या उन्हात पाणी घेऊन गेले, बाटलीतून,
लघवी तपासायला नेतात तसं.
त्याने थोडं नळीत ओतलं, थेंब टाकले, हलवलं.
पिवळं राहायला हवं होतं.
शेवाळासारखं गर्द झालं.
"अम्मा, आपने तो बस्ती ही धो डाली."
त्या मळात राहतात म्हणे ते,
डोळ्याला न दिसणारे,
माशाने टाकलेलं पचवतात
म्हणून मासा श्वास घेतो.
मी साठ वर्षं घासतेय.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने स्वतःच्या टाकीत हात घातला,
एक काळपट स्पंज काढला, त्याच पाण्यासकट थैलीत बांधला.
पैसे नको म्हणाला.
विरजणाचे कोण घेतं?
(विरजण हा शब्द माझा. तो "जामन" म्हणाला.)
रिक्षात मी ती थैली मांडीवर धरून बसले,
उसनी घाण, सांडू नये म्हणून.

बादलीत तिघऱ्याचं पाणी कालपासून उघडं ठेवलंय,
औषधाचा वास उडून जावा म्हणून.
वर त्याने दिलेल्या बाटलीतले थेंब टाकले.
चौथा हिस्सा बदलायचा, जास्त नाही,
तोही सावकाश, भिंतीवरून ओघळेल असा.
त्याच्या कल्ल्यांच्या कडा लाल आहेत,
उकळत्या दुधाची वाफ लागल्यासारख्या.

रात्री साडेअकराला लाईट गेली.
पंप थांबला. बुडबुडे थांबले.
ग्वाल्हेरचा मे, भिंतीसुद्धा तापलेल्या,
कोमट पाण्यात हवा कमी मावते,
हेही इर्शादनेच सांगितलेलं.
टॉर्च स्टुलावर ठेवला.
आमटीचं ओगराळं घेतलं, नवं, न वापरलेलं,
आणि पाणी वर उचलून
वितभर उंचीवरून पुन्हा त्यातच सोडत राहिले.
उचल, सोड.
कढ येऊ पाहणाऱ्या दुधाला हटकतात तसं.
हात भरून आला की डावा हात.
बोटभर जीव, त्याचं नाव दिवाण,
आणि दरबार असा.

हे उघड-मीट मी आधी एकदा पाहिलंय,
जयारोग्यच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर.
तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं.
असो.

चार वाजून दहा मिनिटांनी पंखा कुरकुरला.
बुडबुडे एकदम आले, वेडेवाकडे.
तो वरच होता अजून.
मग थोडा खाली. मग परत वर.
मी तिथेच जमिनीवर आडवी झाले.

सकाळी तो मधल्या पाण्यात आहे,
शेपटी मिटलेली, पण मध्यात आहे.
दाण्यांचा डबा मी कपाटात वरच्या फळीवर टाकला,
हात पुरणार नाही इतका वर.
आज उपास, उद्याही.
कुणाला उपाशी ठेवून बरं वाटायची
ही पहिलीच वेळ.

शाल्मलीचा फोन आला, कसा आहे?
म्हटलं, अजून सांगता येत नाही.
काचेवर एका कोपऱ्यात
फिकट हिरवा हात फिरल्यासारखं दिसतंय.
पदर तिकडे जातो माझा,
मी तो कमरेला खोचते.