खालची डावी दाढ

डॉक्टर नेमाबाईंनी विचारलं, "दर्द कैसा है, अंकल?"
आणि मी, बासष्ट वर्षं इंदुरात काढलेला,
भाजीपासून भांडणापर्यंत सगळं हिंदीत करणारा,
अडलो.

ठणका म्हणावा, तर तो रात्रीचा,
उशीखाली कुणी घण घालावा तसा.
ठसठस पहाटेची.
आत्ता होती ती कळ,
कानामागून निघून हनुवटीत उतरणारी.
म्हटलं, "कळ आती है."
"कल आई थी? या कल आएँगे?"
"नहीं, अभी. कळ."
त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.
त्यांच्याकडे गेलेला दिवस आणि येणारा दिवस एकच.
माझ्या दाढेतही तसंच होतं,
पण ते सांगणार कसं?

"दर्द हो तो हाथ उठा दीजिएगा."
सुई. अर्ध्या जिभेची फरशी झाली.
मग यंत्र, आणि नाकात
आपल्याच हाडाचा जळका वास.
मी हात वर केला,
दिवा डोळ्यांवर येत होता म्हणून.
त्यांनी आणखी एक सुई टोचली.
पुन्हा केला, आता खरंच दुखलं म्हणून.
"लो अंकल, लाइट हटा दी."

मग हात खालीच ठेवला.
खुर्चीच्या रेक्झिनला एक चीर होती,
तिच्यात अंगठा खुपसून बसलो.
कळ काढत.
सोसायचं, त्यालाही आमच्याकडे तोच शब्द.
नळी धरलेल्या दीपेशने दुसरा हात
माझ्या मनगटावर ठेवला. काही कळून ठेवला असेल,
किंवा त्याचाही हात अवघडला असेल.

बाहेर रामबागेच्या कोपऱ्यावर
पोह्यांवर जिरावन पडत होतं. मला मनाई.
कुमुदताईला फोन लावला, "दाढ काढली. कल गेली."
"काल? काल कोण गेलं?"
आमच्या वयात फोन त्यासाठीच येतात.
"कल, कल," मी म्हणत राहिलो.
टाळू जागेवर होती, जीभ सापडत नव्हती.
ती नावं घेऊ लागली:
बापूराव? शशी? देवासची नलू?
प्रत्येक नावाला मी जोरजोरात मान हलवली,
फोनवर.

संध्याकाळी सातच्या सुमारास, आरशासमोर,
ळ परत आला.
केळं म्हणून पाहिलं. माळवा म्हणून पाहिलं.
ताईला सांगावं म्हणून फोन उचलला,
तर मागोमाग
कळ.